कुंतीवैनीचे किडे

माझ्या लग्नात, बो बासें शहरात माझ्या वडिलांच्या अंगणात वऱ्हाडी सरबत पीत बसले होते, तेव्हा माझ्या होणाऱ्या थोरल्या जावेनं आमची गुलमेंदी मुळासकट उपटली. उपटली, माती झटकली, मुळं डोळ्यांजवळ नेऊन निरखली आणि पुन्हा त्याच खड्ड्यात खोचून ठेवली. वर माझ्या आईला म्हणाली, "मुळं चांगली हायत." माझी आई सरकारी कारकुनाची बायको. अंगणातल्या झाडांच्या मुळांबद्दल तिला तोवर कुणी प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. मी मुंडावळ्यांच्या आडून हे पाहिलं आणि तेव्हाच ठरवलं, या बाईशी आपलं काही जमायचं नाही.

ही कुंतीवैनी. १९७३ साली मी तिची धाकटी जाऊ होऊन आमच्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या सुरिनाम या गावात आले. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे घरात मला जरा मान होता आणि तो मी पुरेपूर वापरत असे. कुंतीवैनीला लिहिता-वाचता येत होतं ते मोडकंतोडकं. तिला वाचायची खरी हौस होती ती मुळांची. कुणाच्याही घरी गेली की हात शिवशिवायचे. बारशाला जाऊ दे, सुतकाला जाऊ दे, परतीच्या वाटेवर यजमानांचं एखादं मिरचीचं रोप आडवं पडलेलं असायचं. गावात तिला बघून बायका कुंड्या आत घ्यायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एकदा मी चिडून विचारलंच, "वैनी, हे काय खूळ आहे?"

"खूळ कसलं गो?" ती म्हणाली. "माझा बा मासे धरायचा. मासा आणला की बा आधी त्याचं पोट उघडून बघायचा. काय खाल्लं, कुठं चरत व्हता, समदं पोटात कळतं. झाडाचं पोट खाली असतं. वरून बघून काय कळतंय?"

तिचं माहेर सूयाकचं, मासेमारांच्या वस्तीतलं. चार बोटं जमीन नाही. लग्न होऊन आली तेव्हा भाताचं रोप कुठलं आणि गवत कुठलं, हेही तिला ठाऊक नव्हतं, असं आमच्या सासूबाई सांगायच्या. म्हणूनच असेल, जन्मभर शेतात राबलेल्या माणसांना जे रोजचं वाटायचं ते तिला नवलाचं वाटायचं. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरं.

आमची जमीन दोन ठिकाणी होती. ऊस संपतो तिथं, नाल्याच्या कडेला वरचं शेत. आणि रस्त्याला लागून, घराच्या खाली, एक लहानसा तुकडा. या खालच्या तुकड्यावर राज्य सासूबाईंचं. त्यांचं नाव भगवती, आणि नावाला शोभेल असाच त्यांचा दरारा. सून होऊन आल्यापासून त्या तुकड्यात त्यांनी वांगी सोडून दुसरं काही लावलं नव्हतं. दर साली वांगी, त्याच जागी वांगी. सासरे जिवंत होते तोवर सांगून थकले की अगो, जमीन पालटत जा, एका जागी एकच पीक घेऊ नये. पालथ्या घड्यावर पाणी. सासूबाईंना त्या जागेच्या वांग्याचं भरीत आवडायचं आणि विषय संपला.

त्या हट्टाची शिक्षाही त्यांना मिळाली होती. कितीतरी वर्षं तिथली वांगी गुडघ्याएवढी होऊन माना टाकायची. उपटलं तर मुळं आल्याच्या गड्ड्यांसारखी गाठाळलेली निघायची. गावानं हसून घेतलं. पण हळूहळू काय झालं कोण जाणे, ती जागा सुधारत गेली. मी सुरिनामला आले तेव्हा वांगी छातीपर्यंत वाढलेली असायची आणि फांद्यांना टेकू द्यावा लागायचा. ना खत बदललं होतं, ना बियाणं.

सासूबाई म्हणायच्या, "माझं पुण्य हाय."

कुंतीवैनीला ते पटायचं नाही. "आये, पुण्य व्हतं तर आधीची वर्सं कुठं गेलं व्हतं?" असं ती तोंडावर विचारायची आणि बोलणी खायची. पण तो प्रश्न तिच्या डोक्यात रुतून बसला. चांगली जमीन बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं. बिघडलेली जमीन आपली आपण बरी कशी होते?

१९७५च्या फेब्रुवारीत झेर्वेझ नावाचं मोठं वादळ झालं. ऊस झोपला, भाज्या वाहून गेल्या आणि बेटावर हिरवं पान मिळेना. ज्याच्याकडं वितभर जमीन होती त्यानं पोमदामूर लावले. आम्ही टोमॅटोला पोमदामूरच म्हणतो. माझे थोरले दीर गोवर्धनभाऊजी उसाच्या इस्टेटीवर सिरदार होते. मुकादमी करून दमलेला माणूस, घरात बोलायचा ते एवढंच, "बरं." त्यांनीही वरच्या शेतात पोमदामूर लावले. पहिलं पीक छान आलं. दुसऱ्याला रोपं दुपारच्या उन्हात मान टाकू लागली. तिसऱ्या वेळी कुंतीवैनीनं रोप उपटून घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तीच आल्याच्या गड्ड्यांसारखी मुळं.

"हे आयेच्या तुकड्यात व्हायचं," ती म्हणाली. "आता तिथं नाय. हितं हाय. कशापायी?"

"आधी ते टेबलावरून उचला," मी म्हणाले.

उत्तराचा पहिला धागा सापडला तो देवघरात. आमच्या घरी नवरात्रात घट बसतो. त्याच्यासाठी माती शेतातूनच आणायची, पत्रावळीवर पसरायची, तिच्यात धान्य पेरायचं आणि नऊ दिवस पाणी शिंपायचं. सासूबाई ती माती आपल्या वांग्याच्या तुकड्यातूनच घ्यायच्या, दुसरीकडची चालत नसे. दसऱ्याला अंकुर वाटून झाले की माती उरते. ती पायाखाली येता कामा नये, हा आमच्याकडचा कडक नेम. शेतात टाकली तर पाय पडणारच, म्हणून शेतातही टाकायची नाही. सासूबाई ती सुकवून डब्यात भरून ठेवायच्या आणि मग ती कुणाच्याच कामाची नसायची. कुंतीवैनीला वाटलं, एवढी चांगली माती फुकट का घालवा? तिनं ती मार्चमध्ये रोपांच्या लाकडी पेटीत घातली. पेटी कुंपणाच्या भिंतीवर ठेवलेली होती, तिथं कुणाचा पाय पडणार? नेमही पाळला गेला आणि मातीही कामी आली.

त्या पेटीतली रोपं वरच्या शेतात गेली. शेजारची दुसरी रोपं गाठाळली, ही तग धरून राहिली. पूर्ण साफ नव्हती, पण हात लावला तरी फरक कळत होता.

सासूबाईंनी लगेच हात जोडले. "घटाची माती ती. देवी पावली." दोन दिवसांत सगळ्या आळीला कळलं. कुंतीवैनीचं मात्र समाधान झालं नाही. पुढच्या वर्षी तिनं काय करावं? तिनं दोन पेट्या भरल्या. एकीत घटाची माती, दुसरीत त्याच वांग्याच्या तुकड्यातली, पण देवघराचं तोंडही न पाहिलेली. देवीची परीक्षा घ्यायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण खोटं कशाला सांगू, निकाल काय लागतो याची उत्सुकता मलाही होती.

दोन्ही पेट्यांतली रोपं सारखीच निघाली.

सासूबाईंपर्यंत गोष्ट गेली, कारण कुंतीवैनीला पोटात काही ठेवता येत नाही. मला वाटलं आता घराचं छप्पर उडणार. सासूबाईंनी हातातलं वांगं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे देवी त्या मातीत आधीच व्हती. मी घटात घातली नव्हती तवाबी." आणि वांगी भाजायला घेतली. मला आजही वाटतं की त्या दोघींमध्ये जास्त हुशार सासूबाईच होत्या.

१९७९ साली शेती खात्याचा माणूस गावात आला. पोमदामूरची मुळं गाठाळल्याच्या तक्रारी सगळ्या दक्षिण भागातून जात होत्या. हे जयदेवभाऊ, बो बासेंचे, माझ्या माहेरच्या गल्लीतले. त्यांची आई आणि माझी आई एकमेकींच्या मसाल्याला नावं ठेवण्याइतक्या जवळच्या. त्यामुळं ते चहाला आमच्याकडं आले आणि कुंतीवैनीच्या तावडीत सापडले. चहा निवला तरी तिचे प्रश्न संपेनात. त्यांनी एक गाठ ब्लेडनं कापून सुईच्या टोकावर तिला एक पांढरा कण दाखवला, मोत्याएवढा म्हणायचीही सोय नाही इतका बारीक. "ही किड्याची मादी. गाठ हिच्यामुळं होते. पिल्लं तर डोळ्यांना दिसतही नाहीत."

कुंतीवैनीनं त्यांना वांग्याच्या तुकड्याचं कोडं घातलं. दुसरा एखादा साहेब हसून गेला असता. जयदेवभाऊ हसले नाहीत, पण त्यांना उत्तरही येत नव्हतं. "असं होतं असं मी कुठंतरी ऐकलंय," एवढंच म्हणाले आणि दोन पिशव्या माती घेऊन गेले. महिन्याभरानं स्वतःच परत आले, मोटारीत सूक्ष्मदर्शक घालून. तो त्यांनी आमच्या ओट्यावर मांडला आणि कुंतीवैनीला म्हणाले, "या, बघा तुमची देवी."

ती कितीतरी वेळ डोळा लावून बसली. मग पुटपुटली, "आयो, काय चिकटलंय हे त्याला?"

मग मी बघितलं. काचेवर एक पारदर्शक बारीक किडा वळवळत होता आणि त्याच्या अंगाला गोल ठिपके चिकटले होते, उसाच्या बांधावरून आलं की साडीच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात तसे. बिचाऱ्याला धड चालता येत नव्हतं. मी मातीला नाकं मुरडणारी बाई, पण मीही पुन्हा डोळा लावला.

"हे जंतू," जयदेवभाऊंनी सांगितलं. "आपल्या फायद्याचे. मातीत नुसते पडून असतात. किडा जवळून गेला की त्याला चिकटतात. किडा मुळात शिरतो, तिथं त्याची मादी होते, पण तिच्या पोटात अंड्यांऐवजी हे वाढतात. ती मरते, मूळ कुजतं, आणि एकीच्या पोटातून लाखो बाहेर पडतात. माती वाळली तर किडे मरतात, हे मरत नाहीत. म्हणून तुमच्या डब्यातल्या मातीतसुद्धा टिकले."

"मंग आयेची वांगी?"

"तुमच्या सासूबाईंनी वर्षानुवर्षं एकाच जागी वांगी लावून किड्यांना जेवायला घातलं. किडे माजले, म्हणून त्यांना खाणारेही वाढले. शेवटी खाणाऱ्यांनी बाजी मारली. मधे कधी पीक पालटलं असतं तर इतकं झालं नसतं बहुधा."

म्हणजे सासूबाईंचा हट्ट हेच त्यांचं पुण्य! त्या आतून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, सासऱ्यांना हे ऐकवायला मिळालं नाही याचं दुःख त्यावर स्पष्ट दिसत होतं.

"हे बाटलीत वाढवून वाटता नाय येत?" कुंतीवैनीनं विचारलं.

"नाही ना. किड्याशिवाय ते वाढत नाहीत."

"म्हंजे औषध घालून किडे मारले तर हे बी उपाशी."

"तसंच काहीसं," जयदेवभाऊ म्हणाले.

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा वादळ आलं आणि आमच्या बाजूचे पत्रे उडून पार शेजाऱ्याच्या आंब्यावर जाऊन बसले. मी लेकराला पोटाशी धरून पलंगाखाली ती रात्र काढली आणि सकाळी नवऱ्याला सांगितलं, आता काँक्रीटचं घर, नाहीतर मी चालले बो बासेंला. पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. वाटणीत वरचं शेत थोरल्यांकडं गेलं आणि रस्त्यालगतचा खालचा तुकडा आमच्याकडं आला. घर बांधायला सपाट जागा तीच एक होती. लोक मला नंतर म्हणाले, तू ती सोन्यासारखी माती सिमेंटखाली घातलीस. घातली. माझ्या डोक्यावर छप्पर नव्हतं. आजही घालीन.

कुंतीवैनीनं मला एका शब्दानं अडवलं नाही. एवढंच विचारलं, "वत्सला, पाया कधी खणणार गो?"

"एवढा उन्हाळा संपला की."

"मंग मला येक पीक मिळंल."

त्या एका पिकात तिला ती माती वरच्या शेतात जिवंत न्यायची होती. पाट्या भरून माती नेऊन भागणार नव्हतं, तेवढी माती त्या शेतात कुठल्या कुठं हरवली असती. जयदेवभाऊंनी रीत सांगितली, आधी किडे पोसायचे, म्हणजे त्यांच्या पोटात जंतू वाढतील. मग जन्मभर शेतकरी जे टाळतो तेच ती मुद्दाम करू लागली. जुन्या डब्यांत त्या तुकड्यातली माती भरली, पोमदामूर लावले आणि वरच्या शेतातल्या गाठाळलेल्या मुळांचे तुकडे त्यांच्या बुडाशी पुरले. रोगट रोपांना रोज पाणी, रोज विचारपूस. रोपं पुरी खंगली की मुळं काढून पत्र्यावर वाळवली. आणि एका सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर ही बया आमच्या मसाल्याच्या पाट्यावर ती मुळं वाटत बसलेली.

"वैनी! त्या पाट्यावर आपण चटणी वाटतो!"

"धुऊन देते गो," ती म्हणाली. मी तो पाटा तिलाच देऊन टाकला आणि स्वतःसाठी नवा आणला.

त्या भुकटीची चिमूट वरच्या शेतातल्या प्रत्येक खड्ड्यात जायची होती. पण त्याआधी नवऱ्याचं मन वळवायला हवं होतं. खात्याकडून तेव्हा गाठीवर दाणेदार औषध फुकट मिळत होतं आणि गोवर्धनभाऊजींनी त्याची पोती आणून ठेवली होती.

कुंतीवैनी म्हणाली, "अवो, औषध टाकायचं नाय. किडे मेले तर हे जगायचे नायत. आयेची जमीन तर गेली. हितं रुजले नाय तर मंग कुठंच नाय."

दोन पोरी शाळेत जाणाऱ्या, सगळी भिस्त त्या शेतावर, आणि बायको म्हणते किडे राहू द्या. गोवर्धनभाऊजींनी पोत्यांकडं एक नजर टाकली. शेवटी म्हणाले, "बरं."

गावाला विषय मिळाला. कुंती किडे पाळते. कुंतीच्या घरी किड्यांचं बारसं कधी? नाल्यावर धुणं धुताना मीसुद्धा दोन-चार शेरे मारले, नाही असं नाही. पण दुसऱ्या कुणी मारले की मला राग यायचा.

पहिलं पीक आलं आणि शेत मधोमध दुभंगल्यासारखं दिसलं. नाल्याकडची अर्धी बाजू हिरवीगार, फळांनी वाकलेली. उसाकडची अर्धी खुरटी, माना टाकलेली. कुंतीवैनी दोन्हींकडं रोपं उपटत फिरली. नाल्याकडं मुळं साफ, उसाकडं गाठी. "अर्ध्यात रुजले!" ती मला धावत सांगायला आली. तेव्हा माझ्या घराच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. तिचा तो आनंद बघून मला खूप हलकं वाटलं.

अर्ध्यातच का रुजले, याचा तिनं छडा लावायला घेतला. नाल्याकडं ओल जास्त, म्हणजे या जंतूंना ओल लागत असणार. जयदेवभाऊंनाही ते शक्य वाटलं. झालं. दुसऱ्या वर्षी कुंतीवैनी पहाटे नाल्यातून बादल्या भरभरून उसाकडच्या बाजूला पाणी वाहू लागली. खांद्याला घट्टे पडले, पाय फुटले. भाऊजी बांधावर उभे राहून बघायचे. एकदा मी म्हणाले, "भाऊजी, तिला सांगा ना जरा, मरेल ती." त्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि तिच्या हातातली एक बादली घेऊन चालू लागले. दुसऱ्या वर्षीही तेच. नाल्याकडं बहर, उसाकडं गाठी, जरा कमी इतकंच.

मग आलं १९८३. पोमदामूर फुलावर आले होते. दुपारी कुंतीवैनी माझ्या नव्या घरी आली ती सरळ खाली फरशीवरच बसली. तिच्या पदरात दोन मुळकांडं होती. एक गाठाळलेलं, एक साफ.

"हे नाल्याकडचं," तिनं गाठाळलेलं पुढं केलं. "आणि हे उसाकडचं."

मला कळेना. ती सांगत गेली. सगळं उलटं झालं होतं. दोन वर्षं जिथं बहर होता त्या बाजूला गाठीच गाठी, आणि जिथं दोन वर्षं काही आलं नव्हतं तिथं साफ मुळं. "मला वाटलं व्हतं नाल्याकडं जगले. तेच मेले गो. मंग उसाकडचं बी कसलं खरं? आज हाय, उद्या नाय." ती तळहातानं माझी फरशी चाचपत होती. "आयेची माती हिच्या खाली. आता परत आणू कुठनं?"

मी तिला इतकं मोडलेलं कधी पाहिलं नव्हतं. फरशी फोडून देते असं मी म्हणाले नाही, कारण मी ती फोडणार नव्हते. पण तिच्याजवळ खाली बसले आणि तिचा हात धरला. आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून जयदेवभाऊंना फोन केला.

ते रविवारी आले. सूक्ष्मदर्शक माझ्या व्हरांड्यात मांडला. कुंतीवैनी, मी आणि चहाचा कप हातात धरून खांबाला टेकलेले गोवर्धनभाऊजी. जयदेवभाऊंनी आधी उसाकडचा किडा बघितला. "ठिपकेच ठिपके. एक जागा मोकळी नाही. वैनी, इथं तुमचे जंतू पक्के बसलेत."

मग नाल्याकडचा. एक बघितला, दुसरा, पाच-सहा बघितले. "इथं काहीच नाही. एखाद्यावर एक-दोन. किडे मात्र धष्टपुष्ट." ते मागं टेकले. "मग मागची दोन वर्षं इथं गाठी का नव्हत्या? जंतू नव्हते, तर किड्यांना मारलं कुणी?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी," ते म्हणाले.

कुंतीवैनीनं वळून बघितलं.

"मी औषध टाकलं व्हतं. नाल्याकडच्या अर्ध्यात. तू सूयाकच्या बाजाराला गेलेली तवा." या माणसाचं एवढं सलग बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. "समदं शेत तुझ्या किड्यांवर सोडलं असतं आणि कायबी आलं नसतं तर? पोरींच्या पोटात काय घातलं असतं? म्हणून अर्धं तुझं, अर्धं माझं केलं. माझं पिकलं. दुसऱ्या साली तसंच केलं. औंदा पोती मिळाली नाय, म्हणून नाय टाकलं." ते थांबले. "तू पाणी वाहायचीस तवा सांगायला पायजे व्हतं. तोंडातनं निघालं नाय."

कुंतीवैनीचे डोळे भरले. "दोन साल," ती म्हणाली. "दोन साल मी पाणी वाहिलं वो! माझे खांदे गेले! आणि तुम्ही..." ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता हिच्या हातातलं मूळ त्यांच्या तोंडावर बसणार, आणि बसावं असंच मला वाटत होतं. दोन वर्षं बायकोला राबताना बघत राहिलेल्या नवऱ्याला मी तरी सोडलं नसतं.

पण तिचा हात मध्येच थांबला. तिनं हातातल्या मुळाकडं बघितलं, मग काचेकडं, मग पुन्हा नवऱ्याकडं. ओठ हलत होते, ती मनाशी काहीतरी लावून बघत होती.

"थांबा. जिथं तुम्ही किडे मारले, तिथं हे जंतू उपाशी राहिले."

"व्हय."

"जिथं नाय मारले, तिथं हे वाढले. आणि पाण्याचा काय संबंधच नव्हता."

"नव्हता," भाऊजी मान खाली घालून म्हणाले.

"येकच शेत. येकच बियाणं. येकच भुकटी." तिचा आवाज चढत गेला. "जयदेवभाऊ! म्हंजे हे खरंच हाय! माझ्या मनाचं नाय, नशिबाचं नाय. आयेचे जंतू वर रुजलेत!"

जयदेवभाऊ हसत होते. "वैनी, आम्ही खात्यात असं शेत मुद्दाम अर्धं-अर्धं करतो. त्याशिवाय काही सिद्ध होत नाही. तुमच्याकडं ते मालकांनी चोरून केलं, एवढंच."

ती रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम. पदरानं तोंड पुसलं, नवऱ्याच्या दंडावर एक चापट मारली, चांगली जोरात. भाऊजींनी ती मुकाट घेतली.

"माझ्या बाजूला आता काय करायचं ते तू सांग," ते म्हणाले. "परत कधी काय टाकलं, तर कुठं टाकलं ते तुला सांगून टाकीन. शपथ."

"नको," कुंतीवैनी झटकन म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "चार ओळी घ्या. पायजे तिथं औषध टाका, पायजे तिथं टाकू नका. पन मला सांगू नका वो. मी मुळं बघून ओळखते."